कार्बन फायबरचा एअरबॉक्स: आधी काटा, मग कापड

बोनेट उघडलं की पहिलं दिसतं ते इंजिन कव्हर, म्हणून बहुतेक जण कार्बनची सुरुवात तिथूनच करतात. पण मूळ कव्हर काढून माळ्यावर ठेवलं, तर कार्बनच्या कव्हरपेक्षा जास्त वजन वाचतं, आणि तेही फुकटात. थोडा आवाज वाढेल, एवढंच.

कुठला भाग बदलायचा हे वजनकाट्यावर ठरवा. इपॉक्सीसह (कापड भिजवून कडक करणारं रेझिन) कार्बनची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 1.5 ग्रॅम असते, अ‍ॅल्युमिनियमची 2.7, पोलादाची 7.85 आणि ग्लास भरलेल्या नायलॉनची 1.35 च्या आसपास. म्हणजे प्लास्टिकच्या तुलनेत कार्बन जडच. तिथे वजन वाचतं ते 2.5 मिमीची भिंत 1 मिमीवर आणता येते म्हणून. खरी कमाई पोलादी बोनेटमध्ये आहे, पण पहिल्याच प्रयत्नात एवढा मोठा साचा करू नये. एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण हे हात बसवायला योग्य काम. व्हॉल्व्ह कव्हरच्या वाटेला जाऊ नका. गरम तेल आणि गॅस्केटचा दाब दोन्ही सांभाळावं लागतं, आणि गळती झाली तर तेल थेट एक्झॉस्टवर पडतं.

तापमान मोजा

एकदा रंग बदलला की तसाच राहणारे तापमानाचे स्टिकर मिळतात. ते झाकणाच्या चारही बाजूंना लावा. कात्रज घाट चढा, मग हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडा (ही सोय पुण्यात बारमाही आहे), गाडी बंद करून 20 मिनिटं बोनेट उघडू नका. वारा आणि पंखा थांबल्यावरच इंजिन बे सर्वांत जास्त तापतो. जो आकडा येईल त्यापेक्षा किमान 25 अंश जास्त टीजी असलेलं इपॉक्सी निवडा. टीजी म्हणजे ज्या तापमानाला रेझिन मऊ पडू लागतं ते. नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकवलेल्या साध्या इपॉक्सीचा टीजी 50-60 अंशांवरच अडकतो. असं झाकण पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं.

साचा

मूळ झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्यावर साधा प्रायमर टिकत नाही, प्लास्टिकसाठीचा वेगळा लागतो. भोकं क्लेने बुजवा, कडेने 100 मिमी रुंद पट्टी उभारा. पुढे व्हॅक्यूम बॅग त्यावरच चिकटणार आहे. ही प्लास्टिकची पिशवी, तिच्यातली हवा पंपाने काढली की रेझिन नळीतून कापडात ओढलं जातं. उभ्या भिंतींना 2-3 अंश उतार नसेल किंवा कुठे आतली खाच असेल, तर साचा दोन तुकड्यांत करा, नाहीतर भाग आत अडकून बसतो. मेणाचे सहा हात, प्रत्येकात तासाभराचं अंतर, वर पीव्हीए (साचा सुटा निघावा म्हणून लावायचा पातळ पापुद्रा). मग टूलिंग जेलकोट (साच्याचा कडक, गुळगुळीत पृष्ठथर) दोन हातांत, एकूण 0.6 ते 0.8 मिमी. पहिला थर 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) ग्लास फायबर मॅटचा, पॉलिस्टर रेझिनने, एकही बुडबुडा न ठेवता. 450 जीएसएमचे चार थर दुसऱ्या दिवशी. सगळं एकाच बैठकीत उरकलं तर रेझिन तापून आकसतं आणि साचा पिळवटतो.

थर आणि रेझिन

पाव चौरस मीटरच्या झाकणाला 200 जीएसएमच्या 3के ट्विलचे (3000 तंतूंच्या धाग्यांचं तिरक्या विणीचं कार्बन कापड) चार थर पुरतात. जाडी साधारण 0.9 मिमी. कापड चारही थरांचं मिळून एक चौरस मीटर लागतं, पण कापणीत वाया जातं म्हणून दीड घ्या. तयार भाग 340 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. रेझिन भागात 130 ग्रॅमच राहतं, तरी रेझिन पसरवणारी जाळी आणि ते आणणाऱ्या नळ्या पितात म्हणून 300 ग्रॅम कालवा. पहिला आणि चौथा थर सरळ, मधले दोन 45 अंशांत. ही रचना सममित नसेल तर भाग सुकताना पीळ घेतो. क्लिपांच्या जागी दोन थर जास्त द्या.

कोपऱ्यात कापड नीट बसलं नाही तर मागे पोकळी राहते, तिथे नुसतं रेझिन साठतं आणि पुढे तडकतं. कापडाला चीर द्या, बॅगेला कोपऱ्यात मुबलक चुण्या ठेवा. कापडावर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड), त्यावर जाळी, मग बॅग.

पंप लावल्यावर व्हॅक्यूम मीटरचा काटा पाऱ्याच्या 760 मिमीला जात नाही म्हणून गळती शोधत बसू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथे हवेचा दाबच सुमारे 950 मिलिबार, म्हणजे 710 मिमीच्या आसपास. काटा तिथे पोचला की पंपाकडची नळी बंद करा आणि 15 मिनिटं पाहा. हलला तर रेझिन कालवू नका.

तापमान 10 अंशांनी वाढलं की रेझिनचा कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात पहाटे काम करा. डिसेंबरच्या सकाळी उलटं, रेझिन घट्ट असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून 25 अंशांवर आणा. पावसाळ्यात पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर लावा.

भट्टी

टीजी वाढवायला भाग भट्टीत तापवावा लागतो. 24 तासांनी तो साच्यातून काढा, कारण पॉलिस्टर साचा भट्टीत मऊ पडेल. भोसरी-चाकणकडच्या पावडर कोटिंगवाल्यांकडे मोठ्या भट्ट्या असतात. त्यांचं काम 180-200 अंशांवर चालतं, म्हणून भट्टी रिकामी असेल तेव्हाची वेळ ठरवा आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भागालाच चिकटवा. भट्टीच्या डिस्प्लेवर विसंबू नका. 40, 60, 80, 100 अंश, प्रत्येकी दोन तास, शेवटचा टप्पा रेझिनच्या माहितीपत्रकाप्रमाणे. भाग आधार देऊन ठेवा. घाईने तापवलं तर टीजी वाढण्याआधीच तो लोळतो.

बसवताना

घासायचं ते ओलं करून, मास्क लावून. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, ग्राइंडरच्या मोटरमध्ये शिरली तर मोटर जाळते. याच कारणाने बॅटरीच्या टर्मिनलजवळ कार्बनची उघडी कड ठेवू नये.

एअर फ्लो सेन्सरची नळी मात्र मूळ व्यासाचीच हवी. 70 मिमीची 71 झाली तरी क्षेत्रफळ जवळपास 3 टक्के वाढतं, हवेचा वेग उतरतो, सेन्सर हवा कमी मोजतो आणि मिश्रणात इंधन कमी पडतं. मूळ नळी कापून चिकटवायला जाऊ नका. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिंग लेथवर काढून घ्या, पण तिच्या आणि कार्बनच्या मध्ये ग्लास फायबरचा एक थर द्या. तो नसेल तर पावसाळ्यात ओल धरून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट स्टेनलेसचे.

शेवटी झाकणावर कणकेचे छोटे गोळे ठेवून बोनेट हळूच बंद करा आणि उघडा. गोळा चेपून जिथे 15 मिमीपेक्षा कमी जाड उरला असेल, तिथे धक्का बसणार, कारण इंजिन माउंटवर डोलतं. एक्झॉस्टपासून 50 मिमीहून कमी अंतर असेल तर उष्णतारोधक फॉइल लावा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर झाकण उतरवून क्लिपांभोवती पांढऱ्या रेषा दिसतात का ते बघा. दिसल्या तर तिथे थर कमी पडलेत.