लिनक्सवर स्वतःचा तानपुरा लिहा: ऑडिओ प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करावी

लिनक्ससाठी ऑडिओ सॉफ्टवेअर लिहायचंय म्हणणारे बरेच जण पहिल्याच दिवशी आख्खा स्टुडिओ डोक्यात घेऊन बसतात, म्हणजे मल्टिट्रॅक पण हवं, मिक्सर पण, मिडी (कीबोर्डसारख्या वाद्यांचे संदेश) पण, आणि मग महिनाभर विंडोचे रंग ठरवण्यातच जातो. आर्डरसारखं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर पॉल डेव्हिस आणि बाकीची मंडळी वीस वर्षांहून जास्त काळ लिहितायत, ते एका सुट्टीत होणारं काम नाही. त्यापेक्षा छोटं आणि रोज वापरात येईल असं काहीतरी घ्या. इथे आपण तानपुरा घेऊ. चार तारा, ठरलेला क्रम, कीबोर्ड नाही, मिडी नाही, आणि चुकलं की कान लगेच सांगतो. मिरजेच्या तानपुऱ्याची सर त्याला येणार नाही, पण रियाजाला लागण्याइतका नक्की होतो.

सी भाषा थोडीफार येते, टर्मिनलची भीती नाही, एवढं धरून चालतो. रस्ट किंवा सी प्लस प्लस येत असेल तरी चालेल, मुद्दे तेच आहेत.

पायरी १: आवाज जातो कुठून ते बघून घ्या

सगळ्यात खाली कर्नलमध्ये आल्सा, ते साउंड कार्डाशी बोलतं. त्याच्या वर जॅक आलं, ते पण पॉल डेव्हिसनेच सुरू केलेलं, प्रोग्रॅम एकमेकांना वायरी लावल्यासारखे जोडायला. घरगुती वापरासाठी पल्सऑडिओ वेगळं होतं, आणि या दोघांची भांडणं सोडवण्यात लोकांच्या रात्रीच्या रात्री गेल्यात. मग विम टायमन्सने दोघांची कामं एकत्र करणारं पाइपवायर लिहिलं, २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते डीफॉल्ट केलं, उबुंटूमध्ये २२.१० पासून आलं, आणि त्याची १.० आवृत्ती २०२३ च्या नोव्हेंबरात निघाली.

आता नवीन माणसाने कशासाठी लिहायचं? माझं मत सरळ आहे, जॅकसाठी लिहा. पाइपवायर जॅकची भाषा समजतं, त्यामुळे तुमचा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो आणि कोड पण छोटा राहतो. डेबियन-उबुंटूवर बिल्ड-एसेन्शियल, लिबजॅक-जॅकडी२-डेव्ह आणि पाइपवायर-जॅक ही पॅकेजेस टाका, सोबत क्यूपीडब्ल्यूग्राफ टाका म्हणजे वायरी डोळ्यांना दिसतील. प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावाआधी पीडब्ल्यू-जॅक लिहायचं, झालं.

पायरी २: कॉलबॅक, म्हणजे खरी परीक्षा

जॅकचा प्रोग्रॅम असा असतो: क्लायंट उघडा, एक आउटपुट पोर्ट नोंदवा, प्रोसेस कॉलबॅक नावाचं तुमचं फंक्शन त्याला द्या, आणि अ‍ॅक्टिव्हेट करा. त्यानंतर सिस्टिम दर थोड्या वेळाने त्या फंक्शनला हाक मारते की बाबा, पुढचे १२८ सॅम्पल, म्हणजे लहरीचे एकेक आकडे, दे. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील तर १२८ सॅम्पल म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात उत्तर दिलं नाहीत तर स्पीकरमधून टक्क, याला एक्सरन म्हणतात. सरासरीला इथे काही अर्थ नाही, हजार वेळा वेळेत आलात आणि एकदा उशीर झाला तरी ऐकणाऱ्याला तो एक उशीरच ऐकू जातो.

म्हणून कॉलबॅकमध्ये काही गोष्टी करायच्याच नाहीत. मॅलॉक नाही, फ्री नाही, फाइल उघडणं नाही, प्रिंटएफ नाही, म्युटेक्सवर थांबणं नाही. कारण यातलं प्रत्येक काम कधीकधी कर्नलच्या किंवा दुसऱ्या थ्रेडच्या हातात जातं, आणि तिथून किती वेळाने परत येईल याची गॅरंटी कोणी देत नाही. हे सगळे सांगतात, पण एक गंमत सुटून जाते: ग्लिबसी या सी च्या नेहमीच्या लायब्ररीचं रँड फंक्शन, साधा यादृच्छिक आकडा देणारं, ते सुद्धा आत कुलूप लावतं. आपल्याला तार छेडायला नॉइज, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची खरखर, लागणारच आहे, तेव्हा एक्सऑरशिफ्ट पद्धतीचा तीन-चार ओळींचा जनरेटर स्वतः लिहा, नेटवर सगळीकडे मिळतो.

मेमरी काय लागेल ती सुरुवातीलाच घेऊन ठेवा. पट्टी बदलणं, थांबवणं असले संदेश स्क्रीनवाल्या थ्रेडकडून अ‍ॅटॉमिक व्हेरिएबलने पाठवा, जास्त माहिती असेल तर जॅकसोबतच रिंगबफर मिळतो तो वापरा. क्लँग कंपायलरची २० किंवा नंतरची आवृत्ती असेल तर त्यात रिअलटाइम सॅनिटायझर आहे, कॉलबॅकवर नॉनब्लॉकिंगची खूण लावून कंपाइल केलं की आतून कुणी मॅलॉक वगैरे केलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबवून ओळ दाखवतो. पूर्वी हे शोधायला डोळे फोडावे लागायचे.

पायरी ३: एक तार वाजवा

तारेसाठी कार्प्लस-स्ट्राँग पद्धत घ्या. केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये छापलेली, इतकी सोपी की आधी विश्वासच बसत नाही. एक अ‍ॅरे घ्यायचा, त्यात नॉइज भरायचा, मग एकेक सॅम्पल वाचून बाहेर द्यायचा, आणि तो व त्याच्या शेजारचा यांची सरासरी काढून परत तिथेच लिहायची. बस. सरासरीमुळे दर फेरीत वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट वगैरे फ्रिक्वेन्सीचे सूर) आधी मरतात, जसे खऱ्या तारेत मरतात.

अ‍ॅरेची लांबी म्हणजे सूर:

लांबी = सॅम्पल रेट ÷ फ्रिक्वेन्सी − ०.५

तो अर्धा सॅम्पल सरासरीमुळे आपोआप वाढतो म्हणून वजा करायचा. काळी एकचा पुरुषी सा १३८.५९ हर्ट्झ धरला तर ४८,००० ला ३४५.८५ येतं. आणि कृपा करून ४८,००० हा आकडा कोडमध्ये कोंबू नका, जॅकला विचारून घ्या, नाहीतर ज्याचं कार्ड ४४,१०० वर चालतंय त्याच्याकडे सगळा तानपुरा जवळजवळ दीड सेमिटोन उतरेल आणि काळी एकचा सा पांढरी एकच्याही खाली जाईल.

नुसती सरासरी ठेवली तर खालचा मूळ सूर मिनिटंच्या मिनिटं वाजत राहतो, मरतच नाही. म्हणून दर फेरीला एका आकड्याने गुणायचं. सा ची तार साधारण दहा सेकंदांत ६० डेसिबल खाली यावी असं वाटत असेल तर ०.९९५ ठेवा. पण तोच आकडा खर्जाला, म्हणजे खालच्या सा च्या तारेला लावलात तर खर्ज वीस सेकंद घेईल, कारण त्याच्या फेऱ्या सेकंदाला निम्म्याच होतात, त्याला ०.९९ लागतं.

पुन्हा छेडताना जुना अ‍ॅरे पुसून नवा नॉइज भरला तर टिक् असा आवाज येतो. जुन्यातच मिसळा. आणि कच्चा नॉइज टाकला तर गिटारसारखं टणक वाजतं, आधी दोन-तीन वेळा सरासरी काढून मऊ करून घ्या, तानपुरा बोटाच्या मांसल भागाने छेडतात, नखाने नाही.

पायरी ४: चार तारा लावा, आणि इथे घाई करू नका

पंचम, जोड, जोड, खर्ज. जोड म्हणजे सा, तो १ धरला तर मंद्र पंचम ३/४, खर्ज १/२. मालकंसासाठी पहिली तार मध्यमावर हवी, ती २/३, आणि मारवा-पुरियासाठी निषाद, १५/१६. एवढे पर्याय दिलेत की गाणारा माणूस खूश. तारांमधलं अंतर साधारण एक सेकंद ठेवा, खर्जानंतर थोडं जास्त, आणि घड्याळ कॉलबॅकमध्ये सॅम्पल मोजूनच चालवा, बाहेरच्या टायमरवर नको.

आता गडबड बघा. अ‍ॅरेची लांबी पूर्णांक असते, ३४५.८५ ऐवजी ३४६ घ्यावं लागतं. एका तारेत हा फरक एका सेंटच्याही (सेमिटोनचा शंभरावा भाग) आत आहे, कुणाला कळणार नाही. पण पंचमाची लांबी येते ४६१.३, ती ४६१ केली की पंचम १०३.९४ ऐवजी १०४.०१ हर्ट्झवर चढतो, तिकडे सा किंचित उतरलेला. मग पंचमाचा चौथा हार्मोनिक आणि सा चा तिसरा, जे एकमेकांवर बसायला हवेत, ते ४१६.०४ आणि ४१५.५८ वर जातात आणि सव्वादोन सेकंदांनी एक असे हेलकावे येतात. एकेक तार ट्यूनरवर बरोबर, चौघी एकत्र वाजल्या की काहीतरी बिनसलंय असं वाटतं, ते हेच.

उपाय म्हणजे अपूर्णांकी डिले, म्हणजे पूर्णांक नसलेली लांबी. सोपा मार्ग, शेजारच्या दोन सॅम्पलमध्ये लिनिअर इंटरपोलेशन, पण त्याने वरचे हार्मोनिक अजून दबतात आणि प्रत्येक तार वेगळी दबते. त्यापेक्षा पहिल्या क्रमाचा ऑलपास फिल्टर (काहीही न दाबता फक्त उशीर घालणारा) घाला, डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९८३ मध्येच कार्प्लस-स्ट्राँगला जी ठिगळं लावली त्यात हे आहे.

तपासायला लिंगॉट नावाचा ट्यूनर आहे, जॅकवर चालतो. तो पंचम दोन सेंट चढा दाखवेल. दाखवू दे! त्याच्या डोक्यात पाश्चात्त्य समान पट्टी आहे, आपला ३/४ चा पंचम बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

पायरी ५: जवारी

जवारी म्हणजे तानपुऱ्याचा झणकार, तिच्याशिवाय तानपुरा म्हणजे नुसत्या गिटारच्या मोकळ्या तारा. खऱ्या वाद्यात घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) पृष्ठभाग किंचित गोलसर असतो, तार कंप पावताना त्याला घासत गुंडाळल्यासारखी होते आणि तेवढ्यापुरती आखूड होते, दोरा सरकवून ही जागा नेमकी साधतात. कोडमध्ये जुगाड असा: सॅम्पल धन असेल तर त्याच्या प्रमाणात डिले थोडा कमी करायचा, ऋण असेल तर तसाच. त्याने लहर एका बाजूने तिरपी होत जाते आणि वरचे हार्मोनिक परत जन्माला येतात, तो झणकार. शून्य ते दोन सॅम्पल एवढ्या टप्प्यात एक नॉब द्या. इथे ऑलपास अडखळतो कारण डिले दर सॅम्पलला हलतोय, तेव्हा या हलणाऱ्या भागापुरतं लिनिअर इंटरपोलेशन चालतं, दोन्ही एकत्र नांदतात. नॉब जास्त फिरवला की आवाज फाटू शकतो, म्हणून अ‍ॅरेत लिहिण्याआधी मर्यादा घाला. घोडीचं खरं गणित याहून बरंच जड आहे, त्यात न पडता सतारीसाठी केलेला दुसरा जुगाड बघायचा असेल तर पेरी कुक आणि गॅरी स्कॅव्होन यांच्या सिंथेसिस टूलकिटचा सोर्स वाचा, त्यात सतारीचा एक क्लास आहे, छोटासाच.

पायरी ६: मोडून बघा

तानपुरा थांबवा आणि प्रोसेसरचा लोड बघत बसा, पीडब्ल्यू-टॉप कमांडने दिसतो. आवाज बंद होऊन साधारण दोन मिनिटांनी लोड अचानक चढला तर ते डीनॉर्मल आकडे. तारेचा शेपटा इतका बारीक होतो, १० चा उणे ३८ वा घात वगैरे, की कित्येक प्रोसेसरना असे आकडे हाताळायला कित्येक पट वेळ लागतो, आणि शांतता वाजवताना एक्सरन येतात. कॉलबॅकच्या सुरुवातीला फ्लश-टू-झिरो (असे आकडे सरळ शून्य धरायची प्रोसेसरची सोय) चालू करा, नाहीतर तार पुरेशी बारीक झाली की सरळ शून्य करून टाका.

बफर, म्हणजे एका हाकेला मागितलेले सॅम्पल, ६४ करून बघा, १०२४ करून बघा. तार वाजत असताना पट्टी बदलून बघा, टरटर ऐकू आली तर नवा आकडा एकदम न लावता वीसेक मिलिसेकंदांत सरकवत न्या. लिबसाउंडफाइल या लायब्ररीने, कॉलबॅकच्या बाहेर, दहा मिनिटं थेट वेव्ह फाइलमध्ये लिहून ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये बघा, कानाला सुटलेलं तिथे दिसतं.

पायरी ७: प्लगिन, आणि मग लोकांना द्या

तार, जवारी, क्रम हे सगळं जॅकपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं असेल तर एलव्ही२ प्लगिन करणं एका संध्याकाळचं काम आहे, आणि मग तो आर्डरमध्ये किंवा कार्लासारख्या होस्टमध्ये (प्लगिन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) थेट उघडतो. एलव्ही२ म्हणजे एक लायब्ररी फाइल आणि सोबत टर्टल भाषेतल्या वर्णनाच्या फाइली, एका फोल्डरमध्ये. कंटाळवाणं लिहिणं आहे, नमुन्याचा अँप प्लगिन एलव्ही२ सोबतच येतो तो कॉपी करून बदला. एलव्ही२-व्हॅलिडेट चालवा आणि जाल्व या छोट्या होस्टमध्ये आधी उघडा, सरळ आर्डरमध्ये टाकून क्रॅश झाला तर चूक कुणाची ते कळायला वेळ जातो. ज्यांना सी मध्ये एवढं उतरायचं नाही त्यांनी लियाँच्या ग्रामचं फाउस्ट बघावं, सिग्नलचं वर्णन लिहायचं आणि तेच जॅकचा प्रोग्रॅम किंवा एलव्ही२ बनवून देतं. पण माझं ऐकाल तर पहिली तार हातानेच लिहा.

लायसन्स पहिल्या दिवशीच टाका. लायसन्सची फाइल नसलेला कोड दिसत असला तरी मोकळा नसतो, डेबियनवाले त्याला हातही लावणार नाहीत. जीपीएल घ्या किंवा आयएससी, पण घ्या. रीडमीमध्ये कंपाइल करायच्या कमांड, एक आवाजाचा नमुना, आणि तक्रार करताना काय लिहायचं ते द्या: सॅम्पल रेट, बफर, कार्ड कोणतं, पाइपवायर की जॅक. एवढं मिळालं की निम्मे बग वाचतानाच सुटतात.

एक गोष्ट प्लगिन बाहेर पडण्याआधी ठरवून टाका. एलव्ही२ मध्ये प्रत्येक प्लगिनला एक यूआरआय असतो, वेबसाइटच्या पत्त्यासारखा दिसतो पण तिथे पान असलंच पाहिजे असं काही नाही, आणि लोकांच्या सेव्ह केलेल्या फाइली त्यावरूनच तुमचा प्लगिन शोधतात. नॉबची नावं दिसायला बदलली तरी चालतात, पण एखादा पोर्ट (नॉब किंवा आवाजाची वाट) काढलात किंवा त्याचा अर्थ बदललात तर यूआरआय नवा द्या आणि जुना प्लगिन पण काही काळ सोबत ठेवा.