स्कॉटलंडच्या हायस्कूलचा आठवडा : नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

मागे पुण्याहून आलेल्या एका ताईंचा फोन आला, अहो मुलगा सातवी पास झालाय, आता आठवीत घालायचं ना? तर पहिलं हे, की इथे सातवी-आठवी काही नाही, जन्मतारीख बघून वर्ग देतात. प्रायमरीची सात वर्षं आणि मग हायस्कूल, एस वन ते एस सिक्स. एस वनला पोरं साडेअकरा-बारा वर्षांची असतात. आणि शाळा मिळते ती घराच्या पत्त्यावर, डोनेशन नाही, इंटरव्ह्यू नाही, म्हणून फ्लॅट भाड्याने घ्यायच्या आधी कौन्सिलच्या (म्हणजे इथली नगरपालिका) साइटवर कॅचमेंट, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो, ते बघा, नंतर रडून उपयोग नाही. अजून एक, आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होते त्या हिशोबाने लोक येतात आणि इथे जून संपता संपता शाळा बंद होतात, त्या उघडतात थेट ऑगस्टच्या मध्यावर!

आम्ही एडिनबरात, लेक आता एस फोरला. सुरुवातीला सोमवारी ती घरी आली की मी दप्तर उघडायचे, आत एक ओली छत्री आणि अर्धं केळं. पुस्तकं कुठायत? तर पुस्तकं वर्गातच, जॉटर पण (जॉटर म्हणजे वही) बहुतेक वर्गातच राहतात. होमवर्क टीम्स नावाच्या ॲपवर येतो आणि तो मुलांनी स्वतः बघायचा असतो, तुम्हाला कोणी डायरीत लिहून पाठवणार नाही. मला पहिले सहा महिने वाटायचं इथे शिकवतच नाहीत. शिकवतात हो, फक्त आपल्याला दिसत नाही.

डबा द्या, पण गरम करायला मायक्रोवेव्ह मिळेलच असं धरू नका. पोळीचा रोल बेस्ट, मैत्रिणी विचारतात 'व्हॉट्स इन यर पीस?' कारण डब्यातल्या सँडविचला इथे पीस म्हणतात. थोडी मोठी झाली की पोरं लंचला बाहेर जातात, चिप्स आणि चीज खातात, भांडून बघितलं, सोडून दिलं. यंग स्कॉट कार्ड मात्र लगेच काढा, 22 वर्षांखालच्यांना बस फुकट आहे 2022 पासून.

पीईचा किट पावसात पण लागतो, पाऊस आहे म्हणून कोणी आत बसवत नाही. आणि डिसेंबर जवळ आला की पीईच्या तासाला सोशल डान्सिंग, म्हणजे गे गॉर्डन्स, स्ट्रिप द विलो वगैरे स्कॉटिश नाच, मुलामुलींनी हात धरून. आमच्याकडे आजीला फोनवर हे कळलं तेव्हा दोन मिनिटं शांतता होती, मग म्हणाली फुगडीसारखंच की मग. चिट्ठी देऊन सूट मागू नका, ख्रिसमसच्या डान्सला पोरं एकटी पडतात.

पेरेंट्स इव्हिनिंगला प्रत्येक टीचरची पाच मिनिटं, आमच्याकडे ऑनलाइन असते, वेळ संपली की कॉल आपोआप कट, सरांचं वाक्य अर्ध्यातच. रँक विचारू नका, नसतेच. आणि भाषा समजून घ्या, 'कुड बी अ वी बिट मोअर फोकस्ड' म्हणजे मुलगा अजिबात अभ्यास करत नाहीये. काही अडलं तर हेडटीचर नाही, गायडन्स टीचर (मुलांच्या अडचणी बघणारा शिक्षक) गाठायचा. दिवाळीची सुट्टी नसते, त्या दिवशी घरी ठेवायचं असेल तर त्यालाच आधी मेल टाका.

आता खरी गोष्ट, सब्जेक्ट चॉइस. तेरा-चौदाव्या वर्षी एक फॉर्म येतो, त्यात कॉलम असतात आणि प्रत्येक कॉलममधून एक विषय. फिजिक्स आणि हिस्ट्री एकाच कॉलममध्ये असले तर एक गेला. आम्ही तो फॉर्म रात्री अकराला घाईत भरला, बायोलॉजी सुटली, मग मेलवर मेल करून महिन्याने मिळाली. एस फोरला नॅशनल फाइव्ह नावाची परीक्षा, एस फाइव्हला त्याच्या वरची हायर्स, आणि युनिव्हर्सिटीवाले मुख्यतः हायर्स बघतात. मेडिसिनचा विचार असेल तर केमिस्ट्री सोडू देऊ नका. मॉडर्न स्टडीज बघून नाक मुरडू नका, राजकारण-समाज असा तो विषय आहे, माझ्या लेकीला सगळ्यात जास्त तोच आवडतो, आता जेवताना आमच्याशीच वाद घालते.

हां, शुक्रवार! एडिनबरात शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते, सगळ्या कौन्सिलमध्ये नाही, तुमची विचारून घ्या. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मेलमध्ये होतं पण वाचतो कोण. पहिल्या शुक्रवारी मी ऑफिसात, लेक साडेबाराला दारात, किल्ली नाही, फोनची बॅटरी गेलेली, पाऊस सुरू. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आत घेतलं, टोस्ट दिला, आणि मी पाचला पोचले तर दोघी टीव्हीवर क्विझ बघत बसलेल्या. त्या आजी अजून शुक्रवारी तिची वाट बघतात. तरी किल्ली द्याच, दोन करून ठेवा.