पोटरीवरच्या शिरा: मी दवाखाना कधी गाठला

वडगावात मागावर उभं राहून माझी २० वर्षं गेली. डाव्या पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा कधी उठल्या कळलंच नाही. दुखत नव्हत्या, म्हणून सोडून दिलं. शेजारच्या आक्का म्हणायच्या, "जळवा लावून घे रे." नशीब, ऐकलं नाही.

पुढं संध्याकाळी पाय जड, रात्री पोटरीत गोळे. तरी ढकललं. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडून खाजायला लागली, तेव्हा मात्र धसका बसला.

डॉक्टर म्हणाले, नुसत्या शिरा दिसतात म्हणून घाई नसते. पण कातडी काळी पडली, जखम भरेना, शिरेतून रक्त आलं, तर थांबायचं नाही. आणि एकच पाय अचानक सुजून दुखला तर त्याच दिवशी यायचं, आत गुठळी असू शकते.

मला उभं करून डॉपलर सोनोग्राफी केली, म्हणजे शिरेतलं रक्त कुठं वाहतं ते दाखवणारी तपासणी. शिरेतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. माझ्या मांडीतल्याच निकामी झाल्या होत्या. आधी घट्ट मोजे दिले, सकाळी उठल्या उठल्या चढवायचे. मे महिन्यात ते घालून मागावर उभं राहणं म्हणजे शिक्षाच! पाय हलका झाला, शिरा मात्र तशाच. मोज्यांनी त्या जात नाहीत.

शेवटी लेसरनं ती खराब शीर आतून बंद करून घेतली. भूल जागेपुरती, संध्याकाळी चालत घरी. घोट्याचा डाग अजून आहे. मागाशेजारी आता स्टूल ठेवलंय.