ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये अनोळखी फायलींचे संदर्भ दिसतात तेव्हा

ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या संगणकीय प्रणालीत आपण कधीही न जोडलेल्या फायलींची नावे ड्रॉइंगमध्ये दिसू लागली की बहुतेक जण ती सरसकट ‘डिटॅच’ करून, म्हणजे त्यांची जोडणी काढून टाकून, मोकळे होतात. तसे करण्यापूर्वी ती फाइल कोठून आली याचा तपास करावा. ‘नॉट फाउंड’ असे दाखवणाऱ्या फायलीचा दोष निदान समोर तरी येतो. खरा घात करते ती भलत्याच फोल्डरमधून गुपचूप उघडलेली फाइल.

सांगलीत कृष्णाकाठच्या भूखंडांचे आराखडे करताना निळ्या आणि लाल पूररेषेची, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषांची, स्वतंत्र फाइल ठेवून ती मूळ ड्रॉइंगला एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेला संदर्भ, म्हणून जोडण्याची आमची पद्धत आहे. एकदा कराडहून आलेले ड्रॉइंग उघडल्यावर कोणतीही सूचना आली नाही, सर्व संदर्भांपुढे ‘लोडेड’ असेच लिहिलेले होते, परंतु निळी रेषा भूखंडापासून भलतीच दूर गेलेली होती. पाठवणाऱ्याच्या संगणकावरील ड्राइव्ह आमच्याकडे नसल्यामुळे ऑटोकॅडने त्याच नावाची, पण वेगळ्याच कामाची जुनी फाइल शोधून जोडली होती. २०१९ चा पूर पाहिलेल्या गावात अशी चूक मंजुरीपर्यंत पोहोचली असती तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

याचे कारण शोधाच्या क्रमात आहे. नोंदवलेल्या मार्गावर फाइल मिळाली नाही, तर ऑटोकॅड आधी मूळ ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये, मग ‘ऑप्शन्स’मध्ये दिलेल्या प्रोजेक्टच्या मार्गांवर, त्यानंतर सपोर्टच्या (साहाय्यक फायलींच्या) मार्गांवर आणि शेवटी ऑटोकॅड जिथून सुरू होते त्या ‘स्टार्ट इन’ फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल शोधते. म्हणून एक्सरेफ ही आज्ञा देऊन संदर्भांच्या यादीची चौकट (पॅलेट) उघडावी, प्रत्येक संदर्भ निवडावा आणि खालच्या तपशिलात ‘सेव्ह्ड पाथ’ व ‘फाउंड ॲट’ हे दोन्ही मार्ग ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर ‘फाउंड ॲट’मधील फाइल आपल्याच कामाची आहे, अशी खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. सपोर्टच्या मार्गांत जुन्या कामांची फोल्डरे राहिली असतील तर तीही काढून टाकावीत.

नाव अनोळखी असेल, तर याच पॅलेटमध्ये एफ४ दाबून यादी वृक्षाच्या रूपात पाहावी. ती फाइल दुसऱ्या एखाद्या एक्सरेफच्या पोटात दिसली, तर येथून ती डिटॅच होणार नाही. जिच्यात ती जोडलेली आहे ती फाइल उघडून तिथे तिचा प्रकार ‘अटॅच’ऐवजी ‘ओव्हरले’ करावा, म्हणजे ती पुढच्या ड्रॉइंगमध्ये ओढली जात नाही. सर्वेक्षणाच्या फायली सगळ्यांनीच ओव्हरले म्हणून जोडाव्यात, असे माझे मत आहे.

‘अनरेफरन्स्ड’ असा शेरा असेल तर कोणीतरी संदर्भ डिटॅच न करता पडद्यावरून नुसता पुसला आहे, असे समजावे; तो डिटॅच करण्यात धोका नसतो. ‘अनलोड’ केल्याने, म्हणजे संदर्भ तात्पुरता उतरवल्याने, मात्र नोंद तशीच राहते. एक्सेलच्या तक्त्यांचे दुवे या पॅलेटमध्ये दिसत नाहीत, त्यांच्यासाठी डेटालिंक ही आज्ञा द्यावी.

योग्य फाइल सापडल्यावर तिचा मार्ग सापेक्ष, म्हणजे मूळ ड्रॉइंगच्या फोल्डरपासून धरलेला, ठेवावा. मात्र मूळ ड्रॉइंग व संदर्भ वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील तर सापेक्ष मार्ग देता येत नाही, म्हणून संपूर्ण काम एकाच फोल्डरखाली आणावे. त्यानंतर ड्रॉइंग बंद करून पुन्हा उघडावे आणि ‘फाउंड ॲट’ पुन्हा तपासावे. दुसऱ्या कार्यालयाला पाठवताना एकटे ड्रॉइंग न जोडता ईट्रान्समिट या आज्ञेने सर्व संदर्भांसह गठ्ठा तयार करून पाठवावा.