कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातलं जुनं घर नक्की कोणाच्या नावावर, हे शोधायचं कसं

गावचं घर मोडकळीला आलं, कौलं उतरवायची वेळ आली की मग प्रश्न निघतो, नाव कोणाचं आहे? आणि मग कळतं की घरपट्टी एकाच्या नावाने येते, सातबारा दुसऱ्याच्या, लाईटबिल तिसऱ्याच्या आणि यातले दोघं तरी तीस वर्षांपूर्वी गेलेत. आमच्या घराचं मी दोन वर्षं सुट्ट्या टाकून शोधलं, सुरुवातीला खूप उलटसुलट फिरले, म्हणून ज्या क्रमाने शोधायला हवं होतं त्या क्रमाने लिहितेय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. घर आणि घराखालची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात. घराचा कागद ग्रामपंचायतीत, जमिनीचा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि गावठाणात असाल तर भूमी अभिलेख कार्यालयात. त्यात गोंधळ असा की दोन्हीकडे 'आठ' आहे. पंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, आणि महसूलचा ८अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे त्याचा खाते उतारा. तुम्ही "आठचा उतारा द्या" म्हणाल आणि भलताच कागद घेऊन घरी याल, माझं झालंय तसं.

सुरुवात पंचायतीपासून करा कारण तिथे सगळ्यात कमी त्रास होतो. चालू वर्षाचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८ ची नक्कल, घ्या आणि त्यात दोन रकाने नीट वाचा, मालकाचं नाव वेगळं आणि भोगवटा करणाऱ्याचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं, नाव वेगळं. आमच्याकडे मालक म्हणून आजोबांचे थोरले भाऊ आणि भोगवटादार म्हणून माझे बाबा, आणि घरात चाळीस वर्षं कोणालाच हे माहीत नव्हतं कारण पावतीवर एवढं कोण बघतं. मग जुने उतारे मागा, जितके मागे जाता येतील तितके. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते त्यात घर नंबर बदललेले असू शकतात, म्हणून नुसत्या नंबरावर जाऊ नका, आजूबाजूच्या दोन घरांची नावं पण बघा, शेजारी तेच असतील तर घर तेच. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र धरून चालू नका. तो कर वसुलीचा कागद आहे. पण घर अमुक साली उभं होतं हे त्याच्यावरून दाखवता येतं आणि किनाऱ्यावर त्याला फार किंमत आहे, कारण सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांची) पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आणि घराच्या दुरुस्ती-पुनर्बांधणीची परवानगी मागताना घर त्याच्या आधीचं आहे का हे विचारतात. तेव्हा १९९१ च्या आधीचा एक तरी असेसमेंट उतारा, शिक्क्यासकट, मिळवूनच ठेवा.

आता जमीन. कोकणात बहुतेक घरं गावठाणात नसतात, वाडीत असतात, आगरात किंवा माडांच्या भाटात, म्हणजे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरवर. त्यामुळे तुमच्या घराखालची जमीन सातबाऱ्यावरच सापडेल. काही ठिकाणी घराची नोंद 'इतर हक्क' मध्ये असते, म्हणजे जमीन एकाची आणि त्यात घर दुसऱ्याचं. हा रकाना लोक वाचतच नाहीत आणि नेमकं तिथेच सगळं असतं. गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघा. ज्या गावठाणांची पूर्वी कधी मोजणीच झाली नव्हती तिथे २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन कार्डं तयार झालीत, पण ती बनवताना त्या वेळी जो घरात होता किंवा पंचायतीला ज्याचं नाव होतं तेच लागण्याची शक्यता जास्त, म्हणून कार्ड नवीन आहे म्हणजे बरोबर आहे असं समजू नका.

खरं शोधकाम फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कधी आणि कशाने बदललं त्याच्या नोंदीत आहे. सातबाऱ्यावर नावांच्या जवळ गोलात आकडे असतात ते फेरफार नंबर. ज्या नावाला कंस किंवा आडवी रेघ आहे ते नाव कमी झालेलं, आणि कशाने कमी झालं ते त्या नंबराच्या फेरफारात लिहिलेलं असतं. करायचं काय, तर आजच्या सातबाऱ्यावरून सगळ्यात नवा फेरफार काढायचा, तो वाचून त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा, असं जिन्याने खाली उतरल्यासारखं उतरत जायचं. मध्ये एकही पायरी सोडायची नाही. मी घाईत दोन फेरफार सोडले होते आणि नेमकी घराची वाटणी त्यातल्या एकात होती. अलीकडचे महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर मिळतात, जुने स्कॅन केलेले ऑनलाईन अभिलेखात मिळतात, तिथेही नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा, फेरफार नंबर सगळं नीट लिहा, नाहीतर "सापडत नाही" म्हणून परत येतो. मला एका कार्यालयात तोंडी सांगितलं की ते रजिस्टर वाळवीने खाल्लं. मी म्हटलं ठीक आहे, मग अभिलेख उपलब्ध नाही असं लेखी द्या, आणि लेखी द्यायची वेळ आल्यावर रजिस्टर पुढच्या आठवड्यात सापडलं. तेव्हा तोंडी 'नाही' कधीच घेऊ नका, गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

जुने सर्व्हे नंबर आणि आताचे नंबर वेगळे असू शकतात, हिस्से पडत गेलेले असतात. तेव्हा आकारफोड पत्रक (हिस्से पडताना क्षेत्र आणि आकार कसा विभागला ते) आणि आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार) काढून जुन्याचा नवा कुठला ते जुळवून घ्या, तलाठ्याला विचारलं तर बहुतेक सांगतात. आणि जिल्हा बघा! सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरीच दिसणार, रायगड पूर्वी कुलाबा. मुरूड-श्रीवर्धनकडची गावं जंजिरा संस्थानात होती, सावंतवाडीचं पण वेगळं संस्थान, दोन्ही १९४८ ला विलीन झाली, त्यामुळे त्याच्या आधीच्या कागदांची पद्धत आणि जागा वेगळी असू शकते.

फेरफार वाचताना काही अक्षरं अडवतात. सगळ्यात महत्त्वाचं ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव कुटुंबाच्या वतीने लावलेलं, तो एकटा मालक असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या घराचं सगळं भांडण या तीन अक्षरांवर होतं, कारण नंतरच्या कुठल्यातरी नकलेत ती अक्षरं गळली, नुसतं नाव राहिलं आणि पुढच्या पिढीला वाटलं सगळं त्यांचंच. मी १९५० च्या दशकातला हस्तलिखित सातबारा काढला तेव्हा नावाच्या पुढे शाईने बारीक ए.कु.मॅ. लिहिलेलं दिसलं, भिंग लावून बघितलं आणि मग फोटो काढून चुलत काकांना पाठवला. त्यांनी वाद घातला नाही, फक्त म्हणाले "आमच्या अण्णांनी कधी सांगितलं नाही गं". अशी अक्षरं उतरताना गळतात, म्हणून संगणकावरचा सातबारा आणि हाताने लिहिलेला शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. नुसती लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

अ.पा.क. दिसलं तर नाव अज्ञान मुलाचं आहे आणि पुढे त्याच्या पालकाचं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच, म्हणून नाव आणि बापाचं नाव यावर माणूस ओळखायचा. हिस्से आण्यात असतात, सोळा आणे म्हणजे पूर्ण आणि एका आण्याचे बारा पै. ५ आणे ४ पै दिसलं की तिसरा हिस्सा समजा, तीन भाऊ होते. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, चैत्राच्या आधीच्या तीन महिन्यांत एक वर्ष इकडेतिकडे होतं. त्याच्याही मागचे कागद मोडीत असतात, ते अंदाजाने वाचू नका, मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, कारण मोडीत एक अक्षर चुकलं की हिस्सा बदलतो.

मागे जाताना दोन ठिकाणी उडी लागते. एक कूळकायदा. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कुळं कसत असलेल्या जमिनीचे मालक ठरली. तिथे ३२ग चा निकाल (कुळाने द्यायची किंमत ठरवणारा), ३२म चं प्रमाणपत्र (खरेदी पूर्ण झाल्याचं) असे शब्द येतील आणि प्रमाणपत्राची प्रत नसेल तर ती आधी मिळवा. घर कुळाचं आणि जागा जमीनमालकाची असेल तर त्याच कायद्यात घराखालच्या जागेसाठी कलम १७ आणि १७ब आहे, ते वकिलाला दाखवा. दुसरी उडी खोतीची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हक्काची. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, त्याच्या आधी रत्नागिरीकडे बोटखत नावाचं पत्रक असायचं, गावात धारेकरी (स्वतःच्या जमिनीचा ठरलेला सारा भरणारे) कोण आणि कुळं कोण ते त्यात असतं. काही जमिनी देवस्थानच्या असतात, सिंधुदुर्गात तर पुष्कळ. तिथे घर तुमचं असलं तरी जमीन देवाची असते आणि ती विकत घ्यायची किंवा द्यायची भाषा परवानगीशिवाय करू नका.

दस्त वेगळे शोधा. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड हे दुय्यम निबंधक कार्यालयात. अलीकडचे नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाईन सेवेवर बघता येतात, आधीचे तिथे जाऊन सूची बघून. सूची १ नावावरून चालते, सूची २ मिळकतीवरून, दोन्ही बघा. नोंदणी कायद्याने त्या सूची कोणालाही बघता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. दस्त सापडला की रकमेच्या आधी चतुःसीमा वाचा. 'पश्चिमेस समुद्र' किंवा 'पूर्वेस पाणंद' असं असतं आणि त्यावरून जागा ओळखता येते, फक्त किनारा झिजलेला असू शकतो, म्हणून कागदावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातलं जुळलं नाही तर लगेच शेजाऱ्यावर अतिक्रमणाचा आरोप करू नका, आधी मोजणी मागवा. नोंदणीकृत दस्त सापडलाच नाही तर व्यवहार झालाच नाही असंही नाही, शंभर रुपयांच्या खालच्या खरेदीला नोंदणी सक्तीची नव्हती आणि त्या काळी घरं त्यात यायची. 'मुदत खरेदी' लिहिलेलं असेल तर थांबा. दिसायला खरेदी, पण बरेचदा कर्जापोटी गहाण टाकलेलं घर असतं आणि फेडलं की परत, फेडल्याची पावती कुठल्या तरी ट्रंकेत पडलेली असते. ट्रंका उघडा.

घरावरच्या खुणांवर किती विसंबायचं? आमच्याकडे सगळे सांगायचे की घर १८६५ चं, कारण कौलावर आकडा आहे. तो बासेल मिशनचा मंगळुरी कौलाचा कारखाना सुरू झाला ते साल आहे, कौल किंवा घर त्या सालचं असं नाही. चौकट, तुळशीवृंदावन यावर कोरलेलं साल मात्र लिहून घ्या आणि फेरफाराशी ताडून बघा.

आता जे कागदात मिळत नाही ते. वारस नोंदी वाचताना माझ्या लक्षात आलं की एका पिढीत पाच मुलगे दिसतात आणि मुली शून्य. असं कसं होईल? त्या होत्या, लग्न करून गेल्या आणि वर्दी देताना, म्हणजे तलाठ्याला वारस कळवताना, त्यांची नावं दिलीच नाहीत. म्हणून वंशावळ कागदावरून नाही तर माहेरवाशिणींना विचारून काढा. मृत्यूच्या तारखा कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत) आणि जन्म-मृत्यू नोंदीत शोधा, शाळेच्या रजिस्टरमधून जन्मतारखा मिळतात. हिंदू कुटुंबात १९५६ चा वारसा कायदा आणि महाराष्ट्रात १९९४ ची, देशभर २००५ ची दुरुस्ती, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात मुलींचा हक्क जन्माने आहे, २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही हे सांगितलं. गावात मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबं पण आहेत, त्यांचे वारसाचे हिशेब वेगळे, ते त्यांच्या कायद्याने बघायचे. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क गेला असं नसतं, फेरफार हा महसुलाचा कागद, मालकी त्याने जन्मत नाही आणि मरत पण नाही.

माझ्या आजीची नणंद अलिबागकडे असते, ब्याण्णव वर्षांची. तिला मी विचारलं "आत्ये, मागची पडवी कोणी बांधली?" तर ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वर्षी बांधली, बाबांनी माड विकून." लग्नाचं वर्ष मिळालं, त्यावरून नमुना ८ मधला वाढीव कराचा बदल सापडला. तेव्हा म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांच्याकडे जा, तहसील नंतर. बोलताना रेकॉर्ड करायला परवानगी विचारा, "कोणाच्या नावावर आहे" असं विचारू नका, त्याने माणसं सावध होतात. "पाणी कुठून भरायचात", "चूल कोणाची कुठे होती" असं विचारा. चुली वेगळ्या झाल्या ते साल म्हणजेच बऱ्याचदा वाटणीचं साल.

सगळं मिळालं की एका मोठ्या कागदावर वरून खाली लावा, साल, कागद, कोणाकडून कोणाकडे, कशाने. जिथे पायरी नाही तिथे लाल पेनने 'कागद नाही' एवढंच लिहा, अंदाज भरू नका. त्याच्या झेरॉक्स सगळ्या हिस्सेदारांना पाठवा, मुंबईतल्यांना, पुण्यातल्यांना आणि लग्न होऊन गेलेल्यांना पण, आणि मगच वकील गाठा. मी पहिली झेरॉक्स अलिबागला आत्येला पाठवली. पाच भावांच्या ओळीत तिचं आणि तिच्या दोन बहिणींची नावं मी हाताने लिहिली होती, पुढे लाल पेनने 'फेरफारात नाही'.