उभ्या रिफ्लक्स कंडेन्सरमध्ये फ्लडिंग होईल का, हे आधीच कसं बघायचं

भरलेली बाटली उलटी केली की पाणी सरळ न पडता गुडगुड करत, थांबत थांबत येतं, कारण त्याच तोंडातून हवा वर घुसत असते. रिफ्लक्स कंडेन्सरच्या (वाफ थंड करून तिचा द्रव परत खालच्या भांड्यात सोडणाऱ्या उपकरणाच्या) उभ्या नळीतही हेच भांडण चालू असतं, वाफ खालून वर, कंडेन्सेट (थंड होऊन बनलेला द्रव) भिंतीवरून खाली, आणि वाफेचा वेग फार वाढला की ती कंडेन्सेटला खाली येऊच देत नाही, यालाच फ्लडिंग म्हणतात. मग रिफ्लक्स (परत येणारा द्रव) गचके देत येतो, प्रेशर ड्रॉप नाचतो आणि सॉल्व्हंट व्हेंटकडे (वरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेकडे) पळतं. बरेच जण नुसता हीट ट्रान्सफरचा एरिया काढून मोकळे होतात आणि इथेच फसतात.

चेक करायला वॉलिसचं समीकरण पुरतं. आधी आकडा काढा: वाफेचा वेग × √वाफेची घनता ÷ √(९.८१ × नळीचा आतला व्यास × द्रव-वाफ घनतेतला फरक). द्रवाचाही तसाच, फक्त वेग आणि मुळातली घनता द्रवाची. दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज ०.७२५ झाली की फ्लडिंग. हा आकडा धारदार टोकाच्या नळीचा आहे, टोक गोलसर असेल तर ०.८८ च्या आसपास जातो.

उदाहरण घ्या, पाण्याची वाफ, साधा वातावरणाचा दाब, आतला व्यास २५ मिमी. सगळी वाफ कंडेन्स होऊन परत येते असं धरलं तर मर्यादा नळीच्या तळाशी ७.८ मीटर/सेकंद, म्हणजे एका नळीला ताशी ८.२ किलो. मी ७० टक्केच धरतो, म्हणजे ५.७ किलो. ताशी २०० किलो वाफ असेल तर किमान ३५ नळ्या, एरिया कमी नळ्यांत भागत असला तरी!

एरिया वाढवायला बारीक नळ्या घालाल तर जपून, क्षमता व्यासाच्या २.५ घाताने बदलते, २५ चे २० मिमी केले की नळीमागे ५७ टक्केच उरते. व्हॅक्यूममध्ये अजून वाईट, दाब पाव केला की किलोमधली क्षमता जवळपास निम्मी. (५० मिमीच्या वरच्या नळ्यांना हे समीकरण नको, तिथे कुटाटेलाडझेचं समीकरण वापरा.)

नवीन बनवताना नळ्यांची खालची टोकं ट्यूबशीटच्या (नळ्या बसवलेल्या जाड पत्र्याच्या) थोडी बाहेर काढून तिरपी कापून घ्या, थेंब एका बाजूने गळतात आणि मर्यादा वर सरकते. चालू प्लांटमध्ये फ्लडिंग झालंच तर खालच्या भांड्याला उष्णता देणाऱ्या जॅकेटची स्टीम कमी करा, कूलिंग वॉटर वाढवत बसू नका, तळाशी किती वाफ येणार ते स्टीमच ठरवते.