रॅम विकत घेण्याआधी: मेमरी खरंच कमी पडतेय का, हे कसं ओळखावं

कम्प्युटर रखडला की सल्ला ठरलेला: 'रॅम वाढवा.' खिशात हात घालण्याआधी दहा मिनिटं द्या. लिनक्सवरचं सांगतो.

आधी 'फ्री' ही कमांड चालवा आणि फक्त 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा. त्याच ओळीतल्या 'फ्री' रकान्यातला आकडा एवढासाच असला तरी घाबरू नका. रिकामी मेमरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फायलींच्या कॅशला (वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला) वापरतो आणि लागली की सोडतो.

आता खरी मेख. स्वॅप म्हणजे रॅममधलं सामान हलवून ठेवायची डिस्कवरची जागा. तिथे २ जीबी भरलेत म्हणून मेमरी संपली, असं नाही. सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, तिथे दिवसभर पडून राहतात, कुणाला त्रास नाही. त्रास होतो तो ये-जा सुरू झाली की. ती बघायला 'व्हीएमस्टॅट १' चालवा, दर सेकंदाला एक ओळ येते. त्यातला 'एसआय' म्हणजे स्वॅपमधून आत आलेलं, 'एसओ' म्हणजे बाहेर गेलेलं. पहिली ओळ मात्र वाचूच नका! ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मी एकदा तिच्यावरच विसंबून रॅम आणली, बसवली, आणि मशीन होतं तितकंच मंद. मग आधीचंच आउटपुट नीट वाचलं, तर खालच्या सगळ्या ओळींत शून्य, शून्य. मरायला टेकली होती ती हार्ड डिस्क.

ज्या कामात मशीन अडतं ते चालू ठेवून मिनिटभर बघा. एखादी उसळी सोडून द्या. दोन्ही रकाने ओळीमागून ओळ हलते राहिले, तर पान बाहेर टाकायचं आणि लगेच परत मागवायचं असा खेळ चाललाय. यालाच थ्रॅशिंग म्हणतात.

'मग स्वॅपच बंद करा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. स्वॅप नसला की कर्नल प्रोग्रॅमच्या कोडचीच पानं टाकून देतो आणि डिस्कवरून पुन्हा वाचतो. मशीन गुदमरतं, आणि 'एसआय', 'एसओ' मात्र शून्यच दाखवतात.

विंडोजवर रिसोर्स मॉनिटरमधले 'हार्ड फॉल्ट्स' बघा, म्हणजे रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून आणावी लागलेली पानं. प्रोग्रॅम उघडताना ते चढणारच. काही न उघडताही चढेच राहिले तर संशय घ्या.

दोषी शोधायला लिनक्सवर 'टॉप' ही कमांड चालवून कॅपिटल एम दाबा, जास्त मेमरी खाणारे प्रोग्रॅम वर येतात. 'आरईएस' म्हणजे प्रोग्रॅमने रॅममध्ये व्यापलेली जागा. त्या आकड्यांची बेरीज करू नका, सामायिक मेमरी त्यात अनेकदा मोजली जाते. वरच्या दोन-तीन प्रोग्रॅमचे आकडे लिहून ठेवा, तासाभराने पुन्हा बघा. काम तेवढंच असताना एखाद्याचा आकडा चढतच असेल, तर ती बहुधा गळती आहे, म्हणजे प्रोग्रॅम घेतलेली मेमरी सोडतच नाही. नवी रॅमही तो प्रोग्रॅम गिळेल. आधी त्याची आवृत्ती बदला.